वजनाचं ऑपरेशन पुण्यात, आणि रात्री दोनला ताप सोलापुरात

मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोवी’ ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विकायला आली. तेव्हापासून लठ्ठपणा हा ‘जरा कमी खा की’ एवढ्यावर मिटणारा विषय राहिलेला नाही. त्यावर औषध आहे, ऑपरेशन आहे, हे आता सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानातही बोललं जातं. सोबत मोबाइलवर ‘आधी-नंतर’चे फोटो आणि ‘शून्य धोका’ असल्या जाहिरातीही आल्या. ज्याचं वजन सव्वाशे किलो आहे, जिना चढताना गुडघे कुरकुरतात आणि साखर तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही, त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: ऑपरेशन करायचं ठरलंच, तर कुणाकडून?

घरात बहुतेक वेळा ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे का’ एवढंच विचारलं जातं. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा. ऑपरेशन दीड-दोन तासांचं, दवाखान्यातला मुक्काम दोन-तीन दिवसांचा. बिघाड मात्र पुष्कळदा घरी आल्यावर डोकं वर काढतो आणि देखरेख जन्मभराची असते. सोलापूरहून पुणं २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास. सर्जन निवडताना हे अंतरही हिशेबात धरावं लागतं.

आत नेमकं काय करतात?

या शस्त्रक्रियेला बॅरिएट्रिक सर्जरी म्हणतात. त्यात पोटावरची चरबी काढत नाहीत. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की आधीच दूर केलेला बरा. जठर आणि आतडं यांची रचना बदलली जाते, तीही दुर्बिणीने, चार-पाच लहान छिद्रांतून.

आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार होतात. पहिला ‘स्लीव्ह’. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे पोट लहान होतं तशी भूकही उतरते. दुसरा ‘बायपास’. जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे मोठे दोन चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि आतडं खालून उचलून तिला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जातं. तिसरा ‘मिनी बायपास’. त्यात पिशवी लांबट असते आणि दोनऐवजी एकच जोड. नाव मिनी असलं तरी आतड्याचा बराच मोठा भाग, अनेकदा दीड ते दोन मीटर, वगळला जातो. त्याहून जास्त वगळला तर वजन भराभर उतरतं, पण प्रथिनं आणि लोहही त्याच वेगाने घसरतात.

जठर कापलं की लगेच शिवावं लागतं. ते काम स्टेपलर करतो: मध्ये कापतो आणि दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या ओळी मारतो. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कुणालाही विचारा, सदरा आधी कुठे उसवतो? काखेत. ताण तिथे जास्त. स्लीव्हमध्येही तसंच होतं. अन्ननलिकेला लागून असलेलं वरचं टोक सगळ्यात नाजूक. गळती झालीच तर बहुतेक तिथे होते. त्यातून नळी मध्येच अरुंद झाली किंवा पिळली गेली तर वर दाब वाढतो. पाणी आल्यावर मोटर लावून सोडलेल्या पाइपला मुरड पडली की वरचा जोड निसटतो, तशी गत. म्हणून स्लीव्ह करताना तोंडातून एक माप-नळी जठरात घालून तिच्या कडेने कापतात. ही नळी साधारण १२-१३ मिलिमीटर जाडीची असते. नळी फार बारीक घेतली तर अडथळा आणि गळती, फार जाड घेतली तर वजन नीट उतरत नाही. सर्जनचं कसब लागतं ते असल्या मिलिमीटरांत.

पदव्यांची रांग आहे, मग पुरे नाही का?

पाटीवरच्या पदव्या वाचता आल्या पाहिजेत. एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी हा पाया. तो नसेल तर पुढे बोलायचं कारण नाही. त्यापुढची ‘फेलोशिप’ मात्र फसवा शब्द आहे. काही फेलोशिप थोड्या दिवसांच्या अभ्यासक्रमावर आणि एका परीक्षेवर मिळतात, काहींसाठी वर्ष-दोन वर्षं मोठ्या केंद्रात पूर्णवेळ राबावं लागतं. नावापुढे दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून फेलोशिप कुठे, किती महिने, त्यात वजनाची ऑपरेशनं स्वतःच्या हाताने किती केली, एवढं विचारून घ्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी ऑनलाइन तपासता येते. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या संघटनेचं सभासदत्व असणं चांगलंच, पण ते कौशल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

हाताचं कसब मोजता येतं का? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तसा प्रयत्न झाला. २० बॅरिएट्रिक सर्जननी आपल्या बायपास ऑपरेशनची चित्रफीत दिली, इतर सर्जननी ती नाव न कळता पाहून गुण दिले, आणि ते गुण त्यांच्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहिले. २०१३ मध्ये आलेले आकडे असे: सर्वांत कमी गुणांच्या चतुर्थांश गटाकडे गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के, सर्वांत वरच्या गटाकडे ५.२ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.२६ विरुद्ध ०.०५ टक्के. हे सगळे रीतसर शिकलेले, याच कामात असलेले सर्जन होते. वरच्या गटातले सर्जन वर्षाला जास्त ऑपरेशनं करत होते, ही बाब सामान्य माणसाच्या कामाची, कारण संख्या विचारता येते.

याच सर्जनांच्या रुग्णांकडे २०१६ मध्ये पुन्हा पाहिलं गेलं, तेव्हा वर्षभरानंतर उतरलेल्या वजनात हाताच्या गुणांनी फरक पडलेला दिसला नाही. पहिला महिना सुखरूप जाणं हे हाताचं काम. पुढचं वर्ष आहार, गोळ्या आणि तपासण्यांच्या हाती. दोन्हींसाठी वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात.

‘आमच्याकडे एकही गुंतागुंत नाही’

हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न लगेच टाका: एकूण किती ऑपरेशनं झाली?

ज्वारीच्या पोत्यात खडे आहेत का पाहायला तीस दाणे उचलले आणि एकही खडा निघाला नाही, तर पोतं स्वच्छ ठरत नाही. संख्याशास्त्रात याचा सोपा आडाखा आहे: एकही वाईट घटना घडली नसेल तर ३ ला एकूण संख्येने भागा, खरं प्रमाण साधारणपणे जास्तीत जास्त तेवढं असू शकतं. तीस ऑपरेशनं आणि शून्य गळती, म्हणजे खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंतही असू शकेल. तीनशे ऑपरेशनं आणि शून्य गळती, तर १ टक्क्यापर्यंत. चांगल्या केंद्रांत गळती साधारण एक-दोन टक्के किंवा त्याहून कमी असते आणि मृत्यू हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास. शेकड्यांनी ऑपरेशनं केलेला सर्जन ‘कधीच काही झालं नाही’ म्हणत असेल, तर तो नोंद ठेवत नाही किंवा सांगत नाही.

विचारायचं ते असं: गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः स्लीव्ह किती केल्या, बायपास किती? त्यात गळती किती, रक्तस्राव किती, पुन्हा टेबलावर किती जणांना घ्यावं लागलं, ३० दिवसांत पुन्हा भरती किती झाले? ‘आमच्या हॉस्पिटलमध्ये हजारो’ हे उत्तर चालत नाही, कारण ते हजारो कुणी केले हे त्यात नसतं. अमेरिकेत पूर्ण मान्यतेच्या केंद्राकडून वर्षाला किमान ५० ची अपेक्षा असते. आपल्याकडेही तो अंदाजासाठी बरा.

आणि एक प्रश्न, ज्याच्या उत्तरावरून पुष्कळ कळतं: ‘तुमच्या रुग्णाला गळती झाली होती तेव्हा तुम्ही काय केलंत?’ जाणता सर्जन थांबून सांगतो: कितव्या दिवशी लक्षात आलं, सीटी स्कॅन केला, पू बाहेर काढायला नळी घातली, आतून स्टेंट (गळतीची जागा झाकणारी नळी) बसवला की पुन्हा दुर्बीण घातली, खायला कसं दिलं, किती आठवडे लागले. मागावर जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराची, परीक्षा धागा तुटल्यावरच होते.

सगळ्यांना एकाच मापाचा गणवेश

काही ठिकाणी दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला स्लीव्हच सांगितली जाते. स्लीव्ह वाईट नाही; जगात सर्वाधिक तीच होते. पण ज्याला आधीच जळजळ, आंबट पाणी वर येणं, छातीच्या पडद्यातला हर्निया आहे, त्याचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. त्याला बहुधा बायपास सोयीचा. उलट ज्याला सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या सोडता येणार नाहीत, जो तंबाखू, मावा, विडी सोडायला तयार नाही, त्याला बायपासच्या जोडाजवळ अल्सर होण्याचा धोका मोठा. तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद झाली पाहिजे आणि नंतरही बंदच राहिली पाहिजे. विड्यांच्या या शहरात हा मुद्दा ‘हो हो, सोडतो’वर सोडून चालत नाही, चांगला सर्जन ऑपरेशन पुढे ढकलतो.

म्हणून तपासण्यांचा क्रम पाहा. दुर्बिणीने अन्ननलिका आणि जठर आतून न पाहता प्रकार ठरला असेल, तर माप न घेता कापड कापलं म्हणायचं. शिवाय सोनोग्राफी, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, थायरॉईड, हृदयाची तपासणी, बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व. घोरत असाल तर झोपेची चाचणी. झोपेत श्वास अडकण्याचा आजार भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी माहीत असलाच पाहिजे. भूलतज्ज्ञ अतिवजनी रुग्णांना नेहमी हाताळणारे आहेत का, हा प्रश्न सर्जनच्या संख्येइतकाच महत्त्वाचा, आणि तो जवळजवळ कुणी विचारत नाही. वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा. त्यांनी जठर सावकाश रिकामं होतं, आणि भुलेत पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मग इंजेक्शनच घेतलेलं काय वाईट?

काहींसाठी तेच योग्य. ‘वेगोवी’तल्या सेमाग्लुटाइडने चाचण्यांमध्ये सरासरी १५ टक्के वजन उतरलं, ‘मौंजारो’तल्या टिर्झेपटाइडने जास्त मात्रेत २० टक्क्यांच्या आसपास. स्लीव्हने साधारण २५, बायपासने ३० टक्के. इंजेक्शन थांबवलं की उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो. ऑपरेशन सहजी उलटवता येत नाही, निदान स्लीव्ह तर मुळीच नाही. इंजेक्शनचा पर्याय तुमच्यापुढे न मांडता थेट तारीख देणारा सर्जन घाईत आहे.

टक्केवारी ऐकताना एक गल्लत होते. जाहिरातीतले ‘६० टक्के’ बहुधा जादा वजनाचे असतात. १६० सेंटिमीटर उंचीला १२० किलो वजन असेल, तर बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ धरून योग्य वजन ६४ किलो आणि जादा वजन ५६. त्याचे ६० टक्के म्हणजे सुमारे ३४ किलो, म्हणजेच एकूण वजनाचे २८ टक्के. माणूस १२० वरून ८६ वर येतो. तो ४८ वर यायची वाट पाहत बसला, तर चांगलं झालेलं ऑपरेशनही त्याला फसवणूक वाटतं.

भारतीयांत पोटावरची चरबी आणि मधुमेह कमी वजनातच दिसतात, म्हणून आपल्याकडे बीएमआय ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह-रक्तदाबासारखा आजार असेल तर ३२.५ च्या वर ऑपरेशन सुचवण्याची पद्धत पडली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी मर्यादा आणखी खाली आणल्या. विम्याचा नियम वेगळा आहे. तो ४० मागतो, किंवा अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार यांसारख्या कारणासह ३५. वरच्याच उंचीला ८५ किलो आणि मधुमेह असेल तर बीएमआय ३३: डॉक्टर ‘हो’ म्हणतील आणि विमा कंपनी ‘नाही’. तारीख घेण्याआधी लेखी मंजुरी घ्या.

मोठ्या शहरातला तो चांगला, असंच ना?

मोठ्या शहरात जास्त ऑपरेशनं करणारा सर्जन सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच खरं. पण तिथे जायचं तर परतीची तयारी त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे.

गळती पहिल्या काही दिवसांत होते, कधी दहाव्या-बाराव्या दिवशीही. तोवर माणूस घरी असतो. पोट दुखतं, डावा खांदा दुखतो, धाप लागते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘गॅस झालाय.’ ओवा, सोडा, गॅसची गोळी यांत बारा तास जातात. जाड पोटात आतली सूज वरून हाताला लागत नाही, म्हणून नाडी हा सगळ्यात भरवशाचा इशारा: शांत बसून मिनिटाला १२० च्या वर ठोके पडत असतील, तर बाकी काही असो वा नसो, सर्जनला फोन. ताप, पाणीही पोटात न टिकणं, पोटरी एका बाजूने सुजणं यांनाही तोच नियम. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं हे या ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. म्हणून ऑपरेशनच्याच दिवशी चालवतात, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं देतात. सोलापूरपर्यंतच्या प्रवासात तासा-तासाने गाडी थांबवून चार पावलं चाला.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या सर्जनला विचारा: रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि तो उचलणार कोण? सोलापुरात तुमच्या ओळखीचे पोटाचे सर्जन कोण? त्यांच्याशी तुम्ही स्वतः बोलाल का? सुट्टी मिळाल्यावर हॉस्पिटलजवळ किती दिवस राहू? सात ते दहा दिवस नातेवाइकांकडे किंवा लॉजवर काढणं खर्चिक वाटतं, पण धोक्याचा बराचसा काळ तिथेच सरतो.

याच्या उलटही घडतं. सर्जन बाहेरून शनिवारी येतात, इथल्या दवाखान्यात दोन-तीन ऑपरेशनं करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यात गैर काही नाही, पण रविवारी रुग्ण कोण पाहणार? नाडी वाढली तर पुन्हा दुर्बीण घालायचा निर्णय कोण घेणार? त्या दवाखान्यात आयसीयू, रात्रीही चालणारा सीटी स्कॅन आणि तुमचं वजन पेलणारं टेबल आहे का? इथलाच सर्जन, संख्या थोडी कमी पण दोन्ही वेळा राउंडला येणारा, हा कित्येकांसाठी जास्त शहाणा पर्याय ठरतो. निव्वळ संख्येवर निवड करू नये ती यासाठी.

पॅकेज स्वस्त पडतंय

पॅकेजमध्ये काय नाही ते वाचा. पुन्हा ऑपरेशन, आयसीयूचे दिवस आणि वर्षभराच्या भेटी बहुधा बाहेर असतात. एका स्लीव्हला स्टेपलरची पाच-सहा काडतुसं लागतात आणि बिलाचा मोठा वाटा तोच असतो; काडतुसं नवी, पाकीटबंद होती ना, त्यांची स्टिकरं फाइलला लावतात ना, हे निःसंकोच विचारा. कुणी मध्यस्थ ‘मी नेतो तुम्हाला’ म्हणत असेल तर त्याला काय मिळतं हेही. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं वैद्यकीय आचारसंहितेला मान्य नाही, पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करणंही नाही.

आहारतज्ज्ञांना कडक भाकरी माहीत आहे का?

प्रश्न चेष्टेचा वाटेल, तसा नाही. ऑपरेशननंतर दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ; नेहमीचं जेवण सहा-आठ आठवड्यांनी. कडक भाकरी आणि धपाटे त्याच्याही पुढे. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत आणि एका वेळी मावतं जेमतेम अर्धी वाटी. शाकाहारी घरात हिशेब असा: वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, दोन चमचे शेंगाचटणीत पाच, पण त्यासोबत शंभराहून अधिक कॅलरी. चटणी प्रथिनांचा डबा म्हणून चालत नाही. पहिले काही महिने प्रथिनांची पावडर जवळजवळ टळत नाही. छापील तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली लिहून देणारे आहारतज्ज्ञ असतील, तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एकटे पडाल.

गोळ्या जन्मभर: बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. वेगाने वजन उतरताना पित्तखडे होतात, म्हणून सहा महिने त्याचंही औषध बरेच सर्जन देतात. बाईमाणसाने १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची. वजन उतरल्यावर पाळी सुरळीत होते आणि दिवस अनपेक्षित राहतात, हे सांगायचं अनेक ठिकाणी राहून जातं. भेटी साधारण एक-दोन आठवड्यांनी, महिन्याने, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेले किती रुग्ण अजून तपासणीला येतात, हे सर्जनला विचाराच.

एवढं विचारलं तर डॉक्टर चिडतील

चिडले तर निवड सोपी झाली. प्रश्न कागदावर लिहून न्या, घरातला एक माणूस सोबत ठेवा आणि पहिल्या भेटीत आगाऊ रक्कम देऊ नका. हे ठरवून करायचं ऑपरेशन आहे, अपेंडिक्स नव्हे; पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. त्यांनी ऑपरेशन केलेल्या दोन रुग्णांशी बोलायला मिळालं तर उत्तम, पण एक ताजा आणि एक तीन-चार वर्षं झालेला असा. ताजा रुग्ण नेहमी खूश असतो.

सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्डाशिवाय आणखी एक पान मागा, ऑपरेशनच्या टिपणाचं. त्यावर प्रकार, तारीख, बायपास असेल तर आतडं किती सेंटिमीटर वगळलं, आणि सर्जनचा थेट नंबर हवा. खाली तीन सूचना ठळक लिहून घ्या: सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१, म्हणजे थायामिन, कारण त्याशिवाय ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, नाकातून जठरात नळी अंदाजाने घालायची नाही, पोटदुखीला नुसत्या सोनोग्राफीवर न थांबता सीटी. सोलापुरात रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना तुमच्या पोटात काय बदललंय हे दिसत नाही, ते या पानावरून कळतं. फोटो मोबाइलमध्ये राहू द्या, आणि एक प्रत घरातल्या अशा माणसाकडे द्या, ज्याला रात्री गाडी काढावी लागणार आहे.